घारापुरीचा हरवलेला शिलालेख

पनवेलशेजारच्या उरण तालुक्यातील घारापुरी बेटावरची शैवलेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरली गेली, असे मानतात. ती कोणी कोरवली, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. त्याचे उत्तर कदाचित लेण्यातच होते. दिओगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या नोंदीनुसार तिथला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला. तो तिथे कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. भारतीय कलेच्या इतिहासातील ही फार मोठी हानी होय. लेण्यातील शिल्पांचीही हानी झाली आहे: नटराजाच्या शिल्पाचे बहुतेक हात आज तुटलेले आहेत, पायही उरलेले नाहीत. तरी देहाची लय स्पष्ट जाणवते.

ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, त्याचे डोके व मान 1814 मध्ये गळून पडली. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. ते पुढे जोडण्यात आले असून हा हत्ती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पाहता येतो. शिलालेखाचा अद्याप पत्ता नाही.