घराचा सौदा : पैसा, दस्त आणि नोंद

वर्धा : घर विकत घेणे हा सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार. वर्षानुवर्षांची बचत, भविष्य निर्वाह निधीतील उचल, पत्नीचे दागिने आणि त्यावर बँकेचे कर्ज अशी सारी पुंजी त्यात ओतली जाते. असे असूनही भाजी घेताना जितकी चौकशी होते, तितकीही घर घेताना पुष्कळदा होत नाही. विक्रेत्याला पैसे दिले, किल्ली हाती आली म्हणजे घर आपले झाले, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पैसा देणे, दस्ताची नोंदणी होणे आणि शासकीय अभिलेखात नाव चढणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांपैकी एक जरी अपुरी राहिली, तरी पुढे कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येऊ शकते.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), पिपरी (मेघे), नालवाडी या गावांत गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर वस्ती वाढली. येथील रहिवासी व्यवहारात स्वतःला वर्धेकर म्हणवीत असले, तरी ही गावे ग्रामपंचायतींची आहेत. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हा फरक केवळ पत्त्यापुरता नाही. मुद्रांक शुल्काचा दर, मालमत्तेचे अभिलेख आणि बांधकामाची परवानगी या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. म्हणून घर नेमके कोणाच्या हद्दीत आहे, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असावयास हवा.

इसार म्हणजे मालकी नव्हे

विदर्भात सौदा ठरला की इसारपत्र करण्याची प्रथा आहे. मुद्रांकाच्या कागदावर मजकूर, नोटरीचा शिक्का आणि लाख-दोन लाखांची रक्कम असे त्याचे स्वरूप असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. करार मोडल्यास खरेदीदार त्याच्या पूर्ततेसाठी दिवाणी दावा लावू शकतो, पण त्यालाही सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे.

आममुखत्यारपत्राच्या आधारे घर 'विकण्याचा' प्रकारही असाच फसवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'सूरज लॅम्प' प्रकरणात अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

त्यामुळे इसाराची रक्कम कमीत कमी ठेवावी, ती धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी आणि विक्रीपत्राची अंतिम तारीख, तसेच सौदा फिसकटल्यास पैसे परत करण्याची अट कागदावर घ्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास जून २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. घराची किंमत ५० लाख रुपये वा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याला देय रकमेतून १ टक्का कर कापून तो शासनाकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

बांधकाम सुरू असलेली सदनिका

नव्या इमारतीतील सदनिकेसाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ हे ग्राहकाचे मोठे संरक्षण आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिका आठपेक्षा अधिक असतील, तर तो प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असणे सक्तीचे आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

राज्याच्या नियमांतील आदर्श करारात हप्त्यांच्या कमाल मर्यादाही आहेत. करार झाल्यानंतर ३० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्के, सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्के आणि उर्वरित कामे जसजशी पुरी होतील तसतसे ९५ टक्क्यांपर्यंत, असा हा चढता क्रम आहे. शेवटची रक्कम भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ताबा घेताना द्यावयाची असते. जोतेही झाले नसताना निम्मी रक्कम मागणाऱ्या विकासकास हा तक्ता दाखविण्यास संकोच करू नये.

बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो. एप्रिल २०१९ पासून तो साधारण सदनिकांसाठी ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का आहे. महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे आणि ४५ लाखांपर्यंत किमतीचे घर परवडणारे समजले जाते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या सदनिकेवर आणि जुन्या घराच्या फेरविक्रीवर हा कर नाही.

मुद्रांक शुल्काचे गणित

मुद्रांक शुल्क केवळ ठरलेल्या किमतीवर लागते, हा दुसरा मोठा गैरसमज. शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला बोलीभाषेत रेडीरेकनर म्हणतात, त्यानुसार येणारे मूल्य आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर शुल्क आकारले जाते. नोंदणी फी १ टक्का असून तिची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क प्रतिपान द्यावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, घर २० लाखांना ठरले. पण तक्त्यानुसार त्याचे मूल्य २४ लाख निघाले. अधिभारासह मुद्रांकाचा दर ६ टक्के धरला, तर शुल्क १ लाख ४४ हजार रुपये आणि नोंदणी फी २४ हजार रुपये, म्हणजे एकूण १ लाख ६८ हजार रुपये होतात. खरेदी केवळ महिलेच्या नावे केली तर निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजेच वरील उदाहरणात २४ हजार रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेतल्यास ही सवलत लागू होत नाही.

याच उदाहरणात आयकराचीही एक बाजू आहे. दोन मूल्यांतील तफावत प्रत्यक्ष किमतीच्या १० टक्क्यांहून आणि ५० हजारांहून अधिक असेल, तर ती खरेदीदाराचे उत्पन्न धरली जाऊ शकते. येथे ती ४ लाखांची आहे. तक्त्यातील मूल्य वाजवी नाही असे वाटत असल्यास दस्त नोंदविण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो.

कर्जाचा हिशेबही येथेच मांडावा. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँका घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के रक्कम देऊ शकतात. मात्र १० लाखांहून अधिक किमतीच्या घराबाबत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. म्हणजे २० लाखांच्या घरासाठी कर्ज फार तर १८ लाख. स्वतःचे दोन लाख आणि वरील १ लाख ६८ हजार मिळून जवळपास पावणेचार लाख रुपये रोख बचतीतून उभे करावे लागतील. वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि घराची डागडुजी वेगळी. हा हिशेब आधी न केल्यामुळे ऐनवेळी सावकाराचे दार ठोठवावे लागते.

जमीन कोणत्या प्रकारची?

घराइतकेच घराखालच्या जमिनीला महत्त्व आहे. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका, तर अन्यत्र सातबारा उतारा पाहावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. अभिन्यास मंजूर आहे काय, निवासी वापरास मान्यता आहे काय, हे कागदावरच तपासावे. 'एनए-टीपी होणार आहे' या तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यावयाची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नझूलचा भूखंड असेल तर पट्ट्याची मुदत आणि अटी पाहाव्यात. विनोबांच्या पवनारमुळे ज्या जिल्ह्याचे नाव भूदानाशी जोडले गेले आहे, तेथे आणखी एक दक्षता हवी : भूदान यज्ञात मिळालेली जमीन इतर जमिनींसारखी मुक्तपणे विकता येत नाही. सातबारावर 'भूदान' असा शेरा दिसताच थांबावे.

वडिलोपार्जित घर असल्यास सर्व वारसांची संमती घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. उताऱ्यावर फक्त भावांची नावे असली, तरी विवाहित बहिणींचा हक्क त्यामुळे संपत नाही. वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध अहवाल घेण्याची पद्धत याच कारणासाठी आहे.

नोंदणीनंतरचे काम

विक्रीपत्र निष्पादित केल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीसाठी सादर करावे लागते. त्यानंतरच्या चार महिन्यांत ते दंड भरून स्वीकारले जाऊ शकते. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक २ ची प्रत अवश्य घ्यावी.

यानंतर फेरफाराची पायरी येते. सातबाराच्या मालमत्तेबाबत तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत दिली जाते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आखीव पत्रिकेवरील नोंदीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे जावे लागते. नोंदणी कार्यालयाकडून माहिती संगणकाद्वारे पुढे जात असली, तरी नाव प्रत्यक्षात चढले की नाही, हे पाहण्याचे काम खरेदीदाराचेच.

फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही, ती विक्रीपत्रानेच मिळते. पण उताऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर त्याच्या नावावर नवे कर्ज उचलले जाण्याचा वा तेच घर दुसऱ्याला दाखविले जाण्याचा धोका शिल्लक राहतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि वीजजोडणी यांवरील नावेही बदलून घ्यावीत. तत्पूर्वी विक्रेत्याकडून थकबाकी नसल्याचे दाखले मागावेत.

थोडक्यात, विक्रेत्याला शेवटची रक्कम देण्याचा क्षण दुय्यम निबंधकासमोर स्वाक्षरी होण्याच्या आधीचा नसावा, आणि नव्या उताऱ्यावर आपले नाव वाचेपर्यंत घराची फाईल कपाटात ठेवू नये.