सागरस्नान, श्रमश्वास आणि वयोवृद्ध रुग्ण

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव वैद्यमित्रांना परिचित आहे. 1972च्या दुष्काळानंतर ओस पडत चाललेल्या या गावाने 1989 पासून सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर चर खोदून, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून आणि सिंचनासाठी विंधनविहिरींना मनाई करून पाणी परत आणले. आज तेथील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात सहलीला बाहेर पडतात, ही त्याच पाण्याची कृपा. मात्र या समृद्धीने आमच्यासारख्या चिकित्सकांपुढे एक नवा प्रश्न उभा केला आहे. तो प्रश्न आमच्याच एका चुकीतून आम्हांस उमगला, म्हणून हा लेखप्रपंच.

या गावातील अडुसष्ट वर्षांचे एक शेतकरी आमच्याकडे हिवाळी कासासाठी येत असत. रक्तदाबासाठी त्यांना आधुनिक औषधे चालू होती, त्यांत एक लघवीची गोळीही होती. आम्ही त्यांना यष्टिमधुयुक्त चूर्ण दिले होते. जानेवारीत ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरं मालवणला चाललीत. तिथं तोंडात नळी धरून समुद्रातले मासे बघतात म्हणे. नातू हट्टच धरून बसलाय. जमंल ना मला?’’ कष्टाचे शरीर, लहानपणी विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस. आम्ही नाडी पाहिली आणि हसत होकार दिला. अधिक काही विचारले नाही.

रात्रभराच्या प्रवासात लघुशंकेची अडचण नको म्हणून त्यांनी ती गोळी दोन दिवस बंद ठेवली. सकाळी भरपेट न्याहारी करून ते पाण्यात उतरले. दहा मिनिटांत छाती भरून आली. परंतु नातवासमोर घाबरल्याचे दिसू नये म्हणून त्यांनी धाप आवरून धरली. सोबतच्या मार्गदर्शक तरुणाच्या ध्यानात आले म्हणून ते वाचले. होडीत बसवले तेव्हा थुंकी फेसाळ व गुलाबी होती. रुग्णालयात फुप्फुसांत पाणी साचल्याचे निदान झाले व दोन दिवसांत ते बरे झाले. परतल्यावर त्यांचे एकच वाक्य आमच्या मनात रुतून बसले : ‘‘समुद्राचं पाणी तर तोंडात गेलंच नव्हतं हो!’’

पाणी न गिळता श्वास का कोंडतो?

मनुष्य पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने पायांतील व उदरातील रक्त छातीकडे सरकते. हृदय व फुप्फुसे यांवरील भार वाढतो. त्यातच अरुंद नळीतून जोराने श्वास ओढला की छातीत ऋण दाब निर्माण होतो आणि रक्तवाहिन्यांतील द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. उतारवय, उच्च रक्तदाब व हृद्रोग यांत हा धोका अधिक. हवाई बेटांवर प्रवाशांच्या अशा मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा कित्येक घटनांत पाणी नाकातोंडात जाण्याऐवजी फुप्फुसांत द्रव साचणे हेच कारण असावे, असा निष्कर्ष निघाला. पाय टेकतील अशा उथळ पाण्यातही हे घडले आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच पाण्यात उतरणे हेही एक कारण असावे, असे त्या अभ्यासकांना वाटते. ते सिद्ध झालेले नाही, तरी अंदमान वा लक्षद्वीपला जाणाऱ्या वृद्धांनी दोन-तीन दिवस विसावा घेण्यात तोटा काहीच नाही. अशा प्रसंगी रुग्ण ओरडत नाही, हातपायही मारत नाही. तो निमूटपणे शिथिल होतो.

शास्त्राचा इशारा

आपल्या संहितांनी याविषयी पुरेसे सांगून ठेवले आहे, पण आम्ही ते समुद्रापर्यंत नेले नव्हते. श्रमश्वास हा अधारणीय वेगांपैकी एक आहे. तो रोखल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात, असे चरक व वाग्भट दोघेही सांगतात. विश्रांती व वातघ्न उपचार हा त्यावरील उपाय. नातवासमोर धाप आवरणाऱ्या आजोबांनी नेमका हाच वेग धारण केला होता.

हेमंत-शिशिरात बल उत्तम असते, म्हणून व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे आपण रुग्णांना सांगतो. परंतु वृद्ध व अजीर्णी यांना वाग्भटाने व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. शिवाय अर्धशक्ती ओळखायची कशी? श्वास मुखावाटे येऊ लागणे आणि कपाळ, नाक, काख येथे घाम येणे ही तिची लक्षणे. नळी तोंडात धरणाऱ्याचा श्वास पहिल्या क्षणापासूनच मुखावाटे चालतो आणि घाम पाण्यात दिसत नाही. जमिनीवर शरीर ज्या खुणांनी ‘पुरे’ म्हणते, त्या दोन्ही खुणा समुद्रात मुक्या होतात. म्हणून तेथे वेळेचेच बंधन हवे. प्रथम दहा मिनिटे, मग बाहेर येऊन विश्रांती.

स्नानाच्या निषेधात अष्टांगहृदयाने नेत्र, मुख व कर्णाचे रोग, अतिसार, आध्मान, पीनस, अजीर्ण यांची आणि नुकतेच जेवलेल्यांची गणना केली आहे. ही यादी समुद्रात उतरू इच्छिणाऱ्याला प्रश्न विचारण्यास जशीच्या तशी उपयोगी पडते.

औषधालयात विचारावयाचे प्रश्न

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारी येथे आमच्याइतकीच आहे. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात क्षार व पाणी साठते, रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लघवीच्या काही गोळ्यांसोबत ही घट अधिक होते आणि हृदयाची गती बिघडू शकते. आमच्या रुग्णास याचमुळे त्रास झाला असे म्हणता येणार नाही, परंतु आम्ही विचारायला हवे होते. सोमलतेचे कल्प रक्तदाब व हृदयगती वाढवतात. सर्पगंधा रक्तदाबाच्या अन्य गोळ्यांसोबत घेतल्यास दाब फार उतरू शकतो आणि नाकही चोंदते. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी ती टाळावीत. होडीतील मळमळीसाठी गुंगी आणणाऱ्या गोळीपेक्षा सुंठ बरी. प्रवासाच्या तोंडावर विरेचन देऊ नये. कर्णपटलास छिद्र असल्यास कर्णपूरण करू नये व पाण्यात उतरूही नये. चेहऱ्यावर अभ्यंगाचे तेल असल्यास मास्क निसटतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालू असलेले कोणतेही आधुनिक औषध प्रवासासाठी रुग्णाने परस्पर बंद करू नये.

मालवणास जाणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ व मासे पाहण्यास हिवाळा अनुकूल असतो, कारण समुद्र शांत व पाणी उबदार असते. 1987मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले, म्हणून प्रवाळावर पाय ठेवू नये. परंतु शांत समुद्र म्हणजे विहीर नव्हे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीत चढल्यापासून लाइफ जॅकेट अंगावर असावे. प्रथम कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नळीतून श्वास घेण्याचा सराव करावा, सोबतीस एक जण हाताच्या अंतरावर असावा. धाप, छातीत दडपण, अकस्मात थकवा वा गोंधळ जाणवताच नळी काढावी, पाठीवर उताणे व्हावे, हात उंचावून मदत मागावी व पाण्याबाहेर पडावे. जिना चढताना धाप लागणाऱ्याने, पायावर सूज असणाऱ्याने, अलीकडे हृद्रोगाचा उपचार झालेल्याने होडीतूनच समुद्र पाहावा.

हिवरे बाजारात दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवतात. ज्या गावाने आधी मोजावे व मग खर्चावे हा धडा महाराष्ट्रास दिला, त्या गावच्या रुग्णाचे बल आम्ही न मोजताच खर्चू दिले. आता प्रवासास निघालेल्या प्रत्येक साठीपुढील रुग्णाचा रक्तदाब, औषधांची यादी आणि जिन्यावरील श्वास आम्ही पाहतो. ते आजोबा यंदा पुन्हा मालवणास गेले होते. होडीत बसून त्यांनी नातवाला पाण्यात पाहिले आणि परतल्यावर सुक्या कोकमांची पुडी आमच्या टेबलावर ठेवली.