सह्याद्रीतील पायवाटा : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीत चार दिवस पायी भटकण्याचा बेत आखणाऱ्या गृहस्थाला माहितीची वाण सहसा भासत नाही. गडाची उंची, वाटेची लांबी, पायथ्याचे गाव आणि माथ्यावरची छायाचित्रे हे सारे त्याला घरबसल्या मिळते. परंतु ह्या साऱ्या माहितीत डोंगर बारमाही एकाच स्थितीत असतो असे मुकाट्याने गृहीत धरलेले असते. वस्तुतः डोंगर तोच राहिला तरी वाट महिन्यागणिक पालटते, आणि पुढे दिलेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ ह्या पालटाकडे झालेल्या दुर्लक्षातच सापडते.

गैरसमज : अंतर कळले की वेळ कळली.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातील सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, मात्र पायथ्याच्या बारी गावापासून माथ्यापर्यंतची वाट तीन-साडेतीन किलोमीटरांचीच भरते, आणि एवढे अंतर शहरात पाऊण तासात तोडणारा मनुष्य त्याच हिशेबावर विसंबून उन्हे चढल्यावर निघतो. विल्यम नाइस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला, तो असा की सपाटीवर दर तीन मैलांना एक तास धरावा आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास मिळवावा. बारीच्या वाटेवरचा चढ अडीच हजार फुटांहून अधिक असल्यामुळे केवळ त्यापोटीच सव्वा तासाहून अधिक वाढतो. शिवाय विश्रांती, ऊन, पाठीवरचे ओझे आणि रविवारी लोखंडी शिड्यांपाशी खोळंबणारी गर्दी ह्यांची गणती त्या ठोकताळ्यात नाहीच. तेव्हा सामान्य चालीच्या माणसाने चढाईस तीन तासांची तजवीज ठेवावी.

गैरसमज : चढून झाले की कठीण भाग संपला.

वस्तुस्थिती : उतरताना देहाचा भार पावलोपावली आवरून धरावा लागतो, आणि तो मांड्या-गुडघ्यांवर येतो तोही पाय आधीच थकलेले असताना. पाऊस सरून वाट कोरडी पडली की तिच्यावर सुट्या मातीखड्यांचा घसारा साचतो, आणि चढताना न जाणवलेला हा घसारा उतरताना पायाखालून निसटू लागतो. उतरण्याला अर्धाच वेळ पुरेल असे धरून माथ्यावर रेंगाळणारे लोक अंधारात सापडतात ते ह्यामुळेच. म्हणून दिवसाच्या सहलीतही विजेरी बाळगावी.

गैरसमज : सह्याद्रीचा खरा हंगाम म्हणजे पावसाळा.

वस्तुस्थिती : मोसमी वारे जूनच्या पूर्वार्धात कोकणात उतरतात आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बहुधा माघार घेतात, ह्या चार महिन्यांत सह्याद्रीचे रूप अत्यंत मोहक असते ह्यात वाद नाही, परंतु रूप मोहक आहे म्हणून वाट सुगम आहे असे होत नाही. आपण उभे असतो तेथे पावसाचा थेंबही नसावा आणि घाटमाथ्यावर कोसळलेल्या सरीचे पाणी घटकाभरात ओढ्याला यावे, हा ह्या मुलुखाचा नित्याचा प्रकार आहे. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, की ओढा ओलांडण्याचा विचार तत्काळ सोडून उंच जागी थांबावे. वाटेची निवडही ऋतू पाहूनच करावी लागते : खांडसहून भीमाशंकरास जाणारा शिडी घाट आणि गणेश घाट ह्या दोहोंपैकी दुसरा लांबचा असला तरी पावसात तोच धरावा, आणि सांदणच्या अरुंद घळीत तर पावसाळ्यात पाऊलही टाकू नये. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी एका रात्रीत दरडीखाली गाडली गेली, हे ज्याच्या स्मरणात आहे तो पावसाळ्यात डोंगरावर जाण्यास बंदी घालणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई हुकुमाला कागदी सोपस्कार समजणार नाही. लांब पल्ल्याच्या भटकंतीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. केवळ रानफुलांसाठी जायचे असेल तर मात्र सप्टेंबरमधील कासचे पठार गाठावे.

गैरसमज : गडावर टाकी आहेत, तेव्हा पाण्याची चिंता नको.

वस्तुस्थिती : कातळात खोदलेली टाकी बहुतेक गडांवर असतात हे खरे, पण त्यांतील पिण्याजोगी थोडी, आणि हिवाळ्यात तुडुंब दिसलेले टाके एप्रिलमध्ये तळाशी गेलेले किंवा शेवाळाने भरलेले आढळते. कोणत्या टाक्याचे पाणी आज पितात, हे पायथ्याच्या गावीच विचारावे, आणि तरीही माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे.

गैरसमज : मळलेली वाट गडावरच जाते, आणि न गेली तर मोबाईल आहेच.

वस्तुस्थिती : डोंगराच्या पदरात सर्वांत ठळक मळलेल्या असतात त्या ढोरवाटा, आणि गुरांना गडाशी कर्तव्य नसल्यामुळे त्या चरणीपर्यंत किंवा पाणवठ्यापर्यंत जाऊन रानात विरतात. मोबाईलच्या नकाशावरची रेघ गतवर्षीच्या कोणा प्रवाशाने उमटवलेली असते. मधल्या पावसाळ्यात तो टप्पा वाहून गेला किंवा गवतात बुडाला, ह्याची खबर तिला नसते. वाट हरवल्यासारखी वाटताच शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे. अनोळखी घाटवाटेवर गावचा वाटाड्या घेणे हा तर जुना आणि रास्त शिरस्ता आहे.

गैरसमज : डोंगरावर कोठेही तंबू ठोकावा, शेकोटी पेटवावी.

वस्तुस्थिती : कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्ये असून तेथे वन खात्याचा अंमल चालतो, अनेक गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. प्रवेश, मुक्काम आणि अग्नी ह्यांविषयीचे चालू नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. शेकोटीचा धोका वणव्यापुरताच नसतो : कड्याच्या कपारीत लोंबणारे आग्या मोहोळ धुराने उठते, आणि अरुंद वाटेवर पळायला जागा नसते.

सारांश, बेत आखताना गडाच्या नावाआधी महिना ठरवावा, महिन्यावरून वाट ठरवावी, आणि माथा गाठला असो वा नसो, परत फिरण्याची वेळ आधीच मुक्रर करावी. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबत किती माणसे आहेत आणि परत केव्हा येणार, एवढा मजकूर कागदावर लिहून घरी ठेवावा. कारण शोधास निघालेल्यांना पहिला प्रश्न पडतो तो वाटेचाच, आणि त्याचे उत्तर घरी तयार असले तर रात्रभर डोंगराच्या साऱ्या बाजू धुंडाळण्याऐवजी त्यांना एकच बाजू पाहावी लागते.