डोळा गेला, साक्ष कोणाची?

परवा ओळखीचे एक केळी बागायतदार दवाखान्यात आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकू लागला. आता त्या डोळ्याने नुसता उजेड कळतो. ‘‘डॉक्टरसाहेब, मना डोया गया. चूक झाली असा एक कागद लिहून द्या, ग्राहक मंचात लावतो.’’

मी नाही म्हणालो. वाचकहो, हे एमबीबीएसचे काम नव्हे. १९९६ च्या एका निकालात, औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली पोटात टॉवेल राहिल्याचे प्रकरण होते. तिथे चूक कोणालाही दिसते. डोळ्याचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, की ग्राहक तक्रारीत दरवेळी तज्ज्ञ लागतोच असे नाही; गुंतागुंत असेल तिथे मात्र लागतो. पोलिसांनाही २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते, शक्यतो सरकारी डॉक्टरचे.

डोळा गेला म्हणजे चूक झालीच, असे नेत्रतज्ज्ञ म्हणणार नाही. जंतुसंसर्ग चांगल्या ऑपरेशन थिएटरमध्येही क्वचित होतो. ऑपरेशनपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घातले का? दुखते म्हटल्यावर किती तासांत तपासले? डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले, की नुसते थेंब वाढवले? त्या दिवशीचे इतर रुग्ण बरे आहेत ना? १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जाच्या शिबिरात एकदम कितीतरी डोळे गेले होते.

अडचण वेगळीच आहे. आमच्या जळगाव-धुळ्यात डॉक्टर एकमेकांच्या घरच्या लग्नात भेटतात. साक्षीला कोण उभे राहणार? म्हणून आयोगाकडे अर्ज करून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञांचे मत मागावे, तेही शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या. तक्रारीची मुदत दोन वर्षे. केसपेपर लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत.

चौथ्या दिवशी ते आधी माझ्याकडेच आले होते. खरे सांगतो, थेंब देऊन घरी पाठवणार होतो. जुना कागद शोधला: सकाळी ९, बोटे मोजता येतात, डोळ्यात पू, ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे ताबडतोब पाठवले. हे तज्ज्ञाचे मत नाही, पण वेळ कळते. त्याची झेरॉक्स त्यांना दिली.