किलिचदारोग्लू आणि अलेवींचे गाऱ्हाणे

1937-38 च्या लष्करी मोहिमेत सहस्रावधी माणसे जेथे मारली गेली, त्या तुर्कस्तानच्या पूर्व अनातोलियातील दर्सिम ऊर्फ तुंजेली या, अलेवी या अल्पसंख्याक मुस्लिम पंथाची बहुसंख्या असलेल्या डोंगराळ मुलखात केमाल किलिचदारोग्लू 1948 साली जन्मले. अर्थखात्यातील अंमलदार, सामाजिक विमा संस्थेचे महासंचालक, 2002 ते 2023 खासदार आणि 2010 ते 2023 रिपब्लिकन पीपल्स पक्षाचे अध्यक्ष अशी त्यांची वाटचाल. सुन्नी बहुसंख्याकांच्या देशात एप्रिल 2023 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ‘अलेवी’ या शीर्षकाच्या चित्रफितीतून त्यांनी आपला पंथ निःसंकोचपणे सांगितला. दुसऱ्या फेरीत सुमारे 48 टक्के मते मिळवून ते पराभूत झाले, तरी त्या धैर्याचे मोल मतमोजणीने ठरविणे अन्यायाचे होईल.

अलेवींचे मूळ गाऱ्हाणे मात्र जुनेच आहे. मशिदींच्या इमामांचे वेतन सरकारी खजिन्यातून दिले जाते, आणि जेथे स्त्रीपुरुष एकत्र बसून सझ या तंतुवाद्याच्या साथीने उपासना करतात त्या अलेवींच्या जेमएवींना प्रार्थनास्थळाचा कायदेशीर दर्जा नाकारला जातो. हा भेदभाव असल्याचा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2016 मध्ये दिला. शाळांतील सक्तीच्या धर्मशिक्षणालाही अलेवी संघटनांचा विरोध आहे. सिवास येथील मादिमाक हॉटेल 2 जुलै 1993 रोजी जमावाने पेटविले, तेव्हा अलेवी उत्सवास आलेले कवी, गायक व विचारवंत होरपळून मेले. त्या वास्तूचे स्मृतिसंग्रहालय व्हावे, ही मागणी दरवर्षी त्या दिवशी तेथे जमून केली जाते.