कार्ट्रिज बदलण्यापूर्वी

घरच्या इंकजेट प्रिंटरने ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ असा शेरा मारला, की बहुतेक गृहस्थ तडक नव्या कार्ट्रिजची तजवीज करू लागतात. वस्तुतः या तक्रारीचे मूळ पुष्कळदा शाईत नसून, कार्ट्रिजवरील तांबूस-सोनेरी संपर्कबिंदूंवर साचलेल्या शाईच्या पातळ पापुद्र्यात असते. एचपीच्या अनेक स्वस्त यंत्रांत शाई उडवणारे मुखच कार्ट्रिजला जोडलेले असते. असे कार्ट्रिज बाहेर काढून प्रथम संरक्षक पट्टीचा तुकडा चिकटून राहिला नाही ना, याची खातरजमा करावी. नंतर यंत्राची वीज तोडून, धागे न सुटणारे फडके डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलावून ते बिंदू, आणि यंत्रातील त्यांच्या समोरचे संपर्कही, हलक्या हाताने पुसावेत. तळाच्या सूक्ष्म छिद्रांना मात्र बोट लावू नये. ओल पुरती सुकल्यावर कार्ट्रिज ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत बसवावे.

‘शाई संपत आली’ हा इशारा पुष्कळ यंत्रांत केवळ हिशेबी अंदाज असतो. छपाई स्वच्छ उमटत असेल, तर अशा कार्ट्रिजला खुशाल राबवून घ्यावे.

परक्या बनावटीच्या कार्ट्रिजची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट यंत्रांनी अशी कार्ट्रिजे एकाएकी नाकारली, कारण यंत्रातील फर्मवेअरच तशा हुकुमाने बांधलेले होते. तेथे पुसापुशी व्यर्थ. कार्ट्रिज अस्सल असून शेरा कायम राहिला, तर पावती शोधा आणि हमीची मुदत उलटण्यापूर्वी ते बदलून मागा.