बिनमालकाचं स्वयंपाकघर

भाऊबीज उरकली की, आणि मग मे महिन्यात लेकी माहेरी आल्या की, कोल्हापुरातून वाघबीळमार्गे पन्हाळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांतलं सामान बदलतं. डिकीत मोठी पातेली, टपावर गाद्यांचे गठ्ठे, आजीच्या पायाशी नारळाचं पोतं. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जाकोठी हे सगळं या मंडळींनी शाळेच्या सहलीतच बघून घेतलेलं असतं. आता चार चुलते, त्यांची मुलं-सुना-नातवंडं, दोन-तीन आत्या आणि त्यांचा गोतावळा अशी तीस-चाळीस माणसं भाड्याच्या एका बंगल्यात दोन दिवस एकत्र राहायला निघालेली असतात. गावाकडे चौसोपी घर असताना हा उपद्व्याप कशाला, असं घरातलं एक तरी वडीलधारं माणूस दरवर्षी विचारतंच. त्यावर हवा चांगली असते, मुलांना मोकळं हुंदडता येतं, अशी ठरलेली उत्तरं मिळतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. माझ्या मते त्या बंगल्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिथलं स्वयंपाकघर कुणाच्याच मालकीचं नसतं. आणि असा मेळावा घडवून आणणाऱ्याचं खरं कसब, ते दोन दिवस तसंच बिनमालकाचं ठेवण्यात आहे.

घरच्या स्वयंपाकघराला मालकीण असते. मिठाचा डबा कुठल्या फळीवर, मोठी कढई कुणाकडे दिलेली, गॅसची कुठली शेगडी मंद जळते, हे तिला अंधारातही कळतं. बाकीच्यांना ते विचारावं लागतं. दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा ‘राहू दे, मीच करते’ असं उत्तर येतं. मग थोरली जाऊ चुलीपाशी, धाकट्या हाताखाली, लेकी पाहुण्या, जावई पाटावर आणि पुरुष अंगणात, ही मांडणी कुणी न ठरवताही तयार होते. रांधणारी शेवटच्या पंगतीला बसते तेव्हा पहिल्या पंगतीची माणसं वामकुक्षी घेत असतात. इतक्या वर्षांची ही बसलेली घडी सल्ल्यानं मोडत नाही. डोंगरावर मात्र मिठाचा डबा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. थोरलीला नसतं, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेलाही नसतं. या एका गोष्टीनं सगळे एका पातळीवर येतात आणि कामं नव्यानं वाटता येतात.

या भागात ही कल्पना नवी नाही. पन्हाळ्याच्या शेजारी जोतिबाचा डोंगर आहे. वाडी रत्नागिरीच्या त्या देवळाचं आजचं बांधकाम राणोजी शिंदे यांनी 1730 साली केलं, असं सांगितलं जातं. चैत्री यात्रेला सासनकाठ्या घेऊन लाखो माणसं डोंगर चढतात, माघात रविवारचे खेटे घालतात. पण एरवीही भावकीतलं लग्न झालं, जावळ काढायचं असलं की सगळं कुळ तिथे जातं आणि उतरतं ते पुजाऱ्याच्या घरी. घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. ओटा, पाणी, भांडी त्याची, शिधा भाविकांचा. पुरणपोळीचा नैवेद्य तिथेच शिजतो. ज्या भावांनी गावात बांधावरून बोलणं टाकलेलं असतं, तेही त्या ओट्यावर एका पंगतीला बसतात, कारण ते घर दोघांपैकी कुणाचंच नसतं. देवाचं निमित्त मोठं आहेच, पण तिऱ्हाइताच्या छपराचाही त्यात वाटा आहे. पन्हाळ्याच्या बंगल्यानं देवाचं निमित्त वगळलं आणि छप्पर तेवढं घेतलं.

महाबळेश्वर किंवा आंबोली सोडून पन्हाळाच का, याचं उत्तर नकाशात आणि गोठ्यात आहे. गड शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर. या जिल्ह्यात ज्याच्याकडे शेती, त्याच्या दारात बहुधा म्हैस असते. ‘गोकुळ’ हा जिल्हा दूध संघ 1963 साली उभा राहिला आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालणं हे गावोगावच्या घरांचं घड्याळ झालं. म्हशीला सुट्टी नसते. दोनशे किलोमीटरवरचं ठिकाण ठरवलं तर प्रत्येक घरातलं एक माणूस मागे राहतं, आणि ते कोण राहणार हेही वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. पन्हाळ्याहून संध्याकाळी चार वाजता मोटारसायकल काढून खाली जाता येतं, धारा काढून, डेअरीत दूध घालून जेवायच्या वेळेला परत येता येतं. म्हणून जाणता यजमान पाहुण्यांच्या यादीसोबत धारांची पाळीही लिहून काढतो. कुठल्या गावात कोण उतरणार, येताना कोण विरजण आणणार, आजऱ्याकडच्या घरातून घनसाळ तांदूळ कुणाबरोबर येणार, हे सगळं आदल्या आठवड्यात ठरतं. वर्गणी सगळ्यांना सारखी परवडत नाही. काहींनी पैशांची काँट्री भरायची आणि काहींनी तांदूळ-गूळ-दूध आणायचं, ही सोय त्या यादीत आपोआप होते आणि कुणाचं उणं चव्हाट्यावर येत नाही.

डोंगरावर आयत्या वेळी काही मिळत नाही, हे त्या गडालाही ठाऊक होतं. अंबारखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं आणि अंधारबावेच्या पोटात राखलेलं पाणी यांच्या भरवशावर 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यानं महिनोन्महिने काढले. बंगल्याचा वेढा दोन दिवसांचाच, पण टाकी किती लिटरची, ती दिवसातून कितीदा भरते आणि संडास-बाथरूम किती, हे तीन प्रश्न खोल्यांच्या आधी विचारायचे असतात. चाळीस माणसं हॉलमध्ये गाद्या टाकून मजेत झोपतात. सकाळी सहा वाजता दोन बाथरूमपुढे मात्र त्यांचं जमत नाही. पावसाळा टाळावा हेही अनुभवानंच शिकवलं आहे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि वर गाड्या जाणं थांबलं. गुडघे धरलेल्या आजीला धुक्यात, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून नेण्याची हौस कुणी करू नये.

आता त्या स्वयंपाकाकडे जवळून बघू, कारण मेळाव्याची वीण तिथे दिसते. कोल्हापूरकरांचा बेत बहुतेक ठरलेला: सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. माणशी पाव किलोच्या हिशेबानं चाळीस जणांना दहा किलो मटण लागतं. डोंगरावर मटण शिजायला उंचीमुळे वेळ लागतो, असं कुणीतरी ठासून सांगतंच. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण चारशे मीटर उंच, म्हणजे पाणी उकळण्याच्या तापमानात फरक पडतो तो दीड अंशाच्या आतला. वेळ खातो तो वारा, कारण त्यानं जाळ एका बाजूला झुकतो. त्यासाठी चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला पत्रा लावायला एक माणूस पुरतो. पण त्याच्या कितीतरी आधी लसूण सोलायचा असतो. किलो-दीड किलो लसूण आणि टोपलीभर कांदा हे काम कौशल्याचं नाही, जागा न सोडता करायचं आहे, आणि त्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या दोन माणसांना शेजारी बसवायचं असेल तर यापरतं काम नाही. नजर पाकळीवर ठेवून माणसं पुष्कळ बोलतात.

मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण बिनतिखटाचं, म्हणजे इथल्या भाषेत ‘अळणी’, शिजवतात. त्या एका पातेल्यातून तीन वाटा फुटतात. फोडी सुक्याकडे जातात. काही पाणी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि कांदा-लसूण चटणीत पडून लाल होतं, वर कट येतो. उरलेलं पाणी गाळून त्यात काजू, तीळ, खसखस यांचं वाटण आणि नारळाचं दूध जातं. हा पांढरा रस्सा नाजूक असतो. नारळाचं दूध घातल्यावर त्याला खळखळून उकळी आली की तो फुटतो. म्हणून मंद जाळावर कुणीतरी पळी घेऊन सतत ढवळत उभं राहावं लागतं. तिघा वेगवेगळ्या माणसांकडे एकाच वेळी तीन पातेली, आणि तिघेही एकमेकांवर अवलंबून, कारण अळणी पाणी कुणाला किती द्यायचं हे तिघांनी मिळून ठरवायचं असतं. तांबड्याला जास्त गेलं तर पांढरा घट्ट होतो. इथे एकट्या सुगरणीची सत्ता चालत नाही. यजमानानं ढवळायच्या पळीवर वीस-बावीस वर्षांच्या पोराला उभं करावं, आणि तिखटाचा हात ज्यांचा आहे त्या काकूला खुर्चीवर बसून नुसतं सांगायला लावावं. पोरगं शिकतं आणि काकू बसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सामायिक कामाच्या गोष्टी गोड असतात, पण दोन दिवसांचा हिशेब मांडला तर उष्टी भांडी आणि भाकऱ्या बायकांच्याच वाट्याला येतात. पुरुष चुलीपाशी मिरवतात आणि तांबड्याचं श्रेय घेतात. हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे. पण कोल्हापुरात रस्सा मंडळांची परंपरा आहे. नदीकाठी, मळ्यात, गडाच्या पायथ्याला पुरुषांचे गट एकत्र येऊन बाजारापासून वाढण्यापर्यंत सगळं स्वतः करतात, भांडीही घासतात, कारण तिथे घासायला दुसरं कुणी नसतं. म्हणजे येत नाही ही सबब टिकत नाही. घरात आपल्यावाचून अडत नाही म्हणून केलं जात नाही, एवढंच. म्हणून कामाची वाटणी तोंडी ठेवून भागत नाही. पहिल्या रात्रीची भांडी कुणी, दुसऱ्या सकाळचा चहा कुणी, हे नावानिशी लिहून दारावर लावावं लागतं. कागद लावणं नात्यात कोरडं वाटतं खरं. पण न लिहिलेली वाटणी जुन्याच माणसांवर जुनंच ओझं टाकते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो. एवढी यातायात कशाला, आचारी सांगा किंवा सरळ रिसॉर्ट घ्या. वर्षभर राबणाऱ्या सुनांना दोन दिवस आयतं ताट मिळू दे. सुनांना विश्रांती मिळावी याला कोण नाही म्हणेल? पण आयतं ताट मिळतं तिथे काय होतं तेही बघावं. जेवण अर्ध्या तासात संपतं. मग ज्याचा त्याचा कंपू पडतो, एकेका खोलीचं दार लागतं, मोबाइल निघतात, आणि पत्ते खेळणारे तेवढे रात्री भेटतात. चाळीस माणसं एका आवारात असून एकत्र नसतात. माझं म्हणणं मधलं आहे: कष्ट विकत सोडवावेत, काम ठेवावं. गडावर झुणका-भाकर करून देणाऱ्या बायका आहेत. शंभर भाकऱ्या त्यांना सांगाव्यात, त्यांना चार पैसे मिळतात आणि आपल्या बायका तव्यापुढून सुटतात. मोठी पातेली घासायला माणूस लावावा. पण लसूण, वाटण, पळी आणि वाढप विकू नये. वाढप तर अजिबात नाही. वाढायला जावई आणि भाचे उभे राहिले की पहिल्या पंगतीला त्या घरच्या बायका बसतात, आणि एवढ्यानंच पुष्कळ हिशेब फिटतात.

कुणी विचारेल, मग भाड्याचा बंगला कशाला, एखाद्या भावानं डोंगरावर स्वतःचं फार्महाऊस बांधलं तर? एक तर पन्हाळ्यावर ते सोपं नाही. गडावरच्या संरक्षित वास्तूंभोवती 2010 च्या कायदा-दुरुस्तीनुसार शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीचं बंधन. जुलै 2025 मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे ही देखरेख ढिली होण्याची चिन्हं नाहीत. पण वाघबीळच्या खाली किंवा जोतिबाच्या वाटेला जागा घेऊन बांधलं, तरी माझी हरकत वेगळी आहे. ज्या दिवशी घर एका भावाचं होतं, त्या दिवशी त्याची बायको पुन्हा मालकीण आणि इतर जावा पुन्हा पाहुण्या. मिठाच्या डब्याला पुन्हा ठरलेली फळी मिळते. सोफ्यावर रस्सा सांडला की कुणीतरी कपाळाला आठी घालतं. भाड्यानं घेतलेल्या घराचं परकेपण हीच त्याची सोय.

शेवटचा आक्षेप टाळून चालणार नाही. बहुतेक कुटुंबांत खरी गाठ जमिनीची असते. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची घाई अजून थांबलेली नाही. मनात सातबारा घोळत असताना डोंगरावर रस्सा ओरपणं म्हणजे वरवरची रंगरंगोटी, असं म्हणता येईल. मी ते मान्य करत नाही. वाटणीचा निकाल चुलीपाशी लागू नयेच. तिथे लागला तर तो भिडेपोटी लागतो, आणि भिडेपोटी नुकसान नेहमी बहिणीचंच होतं. तो तलाठ्याकडे, वकिलाकडे, कागदावर लागावा. पण कागदावर भांडणाऱ्या माणसांना एकमेकांची मुलं ओळखू येत असतील, तर ती भांडणं मुद्द्यापुरती राहण्याचा संभव वाढतो. दोन दिवस सातबाऱ्याचा विषय काढायचा नाही, हा नियम म्हणूनच यजमानानं आधीच सांगून ठेवावा, आणि कुणालाही कुठल्याही कागदावर सही करायला वर बोलावू नये.

असा मेळावा जमला की नाही हे कशावरून ओळखावं? सगळे हसत-खेळत गेले, फोटो छान आले, यावरून नाही. दुसऱ्या दिवशी पातेली गाडीत चढत असताना, आजवर नुसतं येऊन जेवून जाणारं एखादं घर ‘पुढच्या खेपेला यादी आम्ही करतो’ असं म्हणालं तर जमला. दर वर्षी तोच भाऊ आणि तीच वहिनी राबत असतील, तर स्वयंपाकघराला मालक मिळालेला आहे आणि डोंगर चढून काही साधलेलं नाही. म्हणून पाळी ठरवून टाकावी: धाकट्यापासून सुरुवात करावी, आणि विवाहित लेकींची घरंही त्या पाळीत धरावीत.